बरणीच्या तळाची मूठ

१

बरणीचं झाकण निघालं आणि टाळ्या वाजल्या. आत काय आहे हे कुणी पाहिलं नव्हतं. पण समारंभात टाळ्या वाजवायला काही पाहावं लागतंच असं नाही.

लातूरला बीजघराच्या अंगणात मांडव घातला होता. हे बीजघर गोदामांजरा विद्यापीठाचं. विद्यापीठाचं कार्यालय नांदेडला म्हणून नावात गोदावरी, बीजघर लातूरला म्हणून मांजरा. एकाच नदीवर भागवा म्हणणाऱ्याला दोन्ही जिल्ह्यांत चहा मिळाला नसता. नॉर्वेतल्या होल्मविक विद्यापीठाशी यांचा वीसेक वर्षांचा करार होता. त्यांनी शीतखोली बांधून द्यायची आणि इथली मुलं तिकडे शिकायला न्यायची. यांनी मराठवाड्यातून नाहीशी होत चाललेली जुनी वाणं जमवून जिवंत ठेवायची. शुक्रवारी नांदेडला पुढच्या दहा वर्षांच्या सह्या होणार होत्या. त्याआधी एक बरणी उघडून पाहुण्यांना बी दाखवायचं होतं.

बरणी हळदी ज्वारीची होती. चाकूरकडच्या एका शिवारात पूर्वी पिकायची, दाणा हळदीच्या हाताने चोळल्यासारखा. आता ती कुणाच्याच शेतात नव्हती. होती ती या बरणीत.

ज्यांनी ते बी दिलं त्या कस्तुराबाई शाल-नारळ घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. सोमेश कॅमेऱ्याकडे बघत हसत होते. होल्मविकहून आलेल्या डॉ. योहाना हात जोडून उभ्या होत्या. त्यांच्यामागे टेबलावर प्रा. मार्गिट यांचा हार घातलेला फोटो. हा करार मार्गिटबाईंनीच उभा केला होता, आणि गेल्या हिवाळ्यात त्या तिकडे वारल्या होत्या. इथून त्यांना साथ देणारे प्रा. रामकिशन निवृत्त होऊन चाकूरला राहत. तब्येतीमुळे ते आले नव्हते.

सोमेशनी चिमूटभर दाणे काढून कस्तुराबाईंच्या हातावर ठेवले आणि ओंजळभर धम्मदीपच्या हातात दिले. धम्मदीप हा बीजघराचा संशोधक विद्यार्थी. हळदी ज्वारीवरच त्याचा प्रबंध होता, आणि सह्या झाल्या की ऑगस्टमध्ये होल्मविकला जायची पाळी त्याची होती. माइक त्याच्याचसमोर होता, दोन शब्द बोलायला. तो दोन नाही, तीन बोलला.

"ही हळदी न्हाई."

टाळ्या वाजवणाऱ्या काहींनी सवयीने त्यावरही वाजवल्या.

दाणे पांढरे होते, बाजारात मिळतात तसे. डॉ. योहाना जवळ आल्या, त्यांनी ओंजळीत पाहिलं आणि त्यांचे जोडलेले हात सुटले. हळदी ज्वारी चोरीला गेली, असं मांडवाने ठरवलं.

२

चौकशी उमाबाईंकडे आली. मुदखेड जंक्शनला तिकीट तपासनीस म्हणून त्यांनी उभी हयात घालवली. निवृत्तीनंतर विद्यापीठाच्या तक्रार समितीवर बाहेरची सदस्य म्हणून त्यांना घेतलं होतं. जे काम आतल्या कुणालाही नको असे ते बाहेरच्या सदस्याकडे जाई, त्यामुळे उमाबाईंना विद्यापीठ आतून चांगलं माहीत होतं.

"शुक्रवारच्या आत नाव पाहिजे," सोमेश म्हणाले. "नाव म्हणजे काय, नाव तर समोरच हाय. फक्त तुमची सही पाहिजे."

"कुणाचं?"

"बगा मॅडम. ती बरणी ज्या कपाटात, त्याला दोन कुलपं. एक किल्ली इथं, आमच्या महादेवीबाईपाशी. दुसरी नॉर्वेला, मार्गिटबाईपाशी. दोन्ही आल्याबिगर कपाट उघडत न्हाई. मार्गिटबाई गेल्या, त्यांचं सामान पार्सलनं इकडं आलं, त्यात ती किल्ली. पार्सल कुणी घेतलं? धम्मदीपनं. म्हणजे दोन्ही किल्ल्या एका छताखाली आल्या त्या ह्याच पोराच्या टायमाला. बियाण्याच्या कंपन्या अशा वाणासाठी टपून असतात."

"मग त्यानंच माइकवर कामून सांगितलं?"

"हुशार हाय. चोर पहिले स्वतः ओरडतो."

"माझ्या गाडीत बिनतिकिटाचा पहिले झोपायचा," उमाबाई म्हणाल्या. "ओरडलेला मी पाहिला न्हाई."

धम्मदीप शीतखोलीच्या पायरीवर बसला होता. त्याची आई महामाया नांदेडला सरकारी दवाखान्यात परिचारिका. पोरगं नॉर्वेला जाणार म्हणून तिने लोकरीचं जाकीट आणून ठेवलं होतं, आणि नांदेडच्या उन्हात ते आठवड्यातून एकदा झटकत होती.

"चोरीचा शिक्का बसला तर नॉर्वे तर सोडाच मॅडम, इथं कोणत्या कॉलेजात तासिकेवर पण घेणार न्हाईत."

"घेतली का तू?"

"न्हाई."

"मग रडू नको. बरणी दाखव."

चादर अंथरून त्याने बरणी उपडी केली. पांढऱ्या ज्वारीचा ढीग झाला. सगळ्यात शेवटी, तळाशी दाबून बसलेले दाणे सुटून ढिगाच्या माथ्यावर पडले. मूठभरच होते, पिवळे.

धम्मदीपने एक दाणा उचलून उजेडात धरला. मग म्हणाला, "ही हळदी हाय."

३

सोमेशना ही मूठ फारशी महत्त्वाची वाटली नाही. "घाईत राहिली असंल."

"घाईतला माणूस वरून उपसतो," उमाबाई म्हणाल्या. "हा तळापर्यंत आला. बरणी हातात, आणखी एकदा हलवली असती तर मोकळी झाली असती. तिथं त्याचा हात थांबला. कणगी झाडून रिकामी करू न्हाई, मूठभर ठेवावं, हे ज्याला घरी शिकवलंय त्याचा हात थांबतो. चोरी करताना पण थांबतो. धम्मदीप, तुमच्यात काय करतात?"

"आमच्यात? आई डबा रिकामा करती, गरम पाण्यानं धुती, उन्हात पालथा घालती आणि मग माझे हात धुवायला लावती." त्याला जरा हसू आलं. "ह्यावरूनच माझं महादेवीबाईंशी भांडण व्हायचं. नियम असा हाय की बी काढलं की बरणी पूर्ण मोकळी करायची, पुसायची. बाई प्रत्येक बारीला मूठभर ठेवायच्या. मी ओरडायचो."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं. कपाटाची पहिली किल्ली महादेवीबाईंपाशी होती.

महादेवीबाई बीजघराच्या भांडारपाल. पंचवीस खोल्यांचा वाडा सांभाळावा तशा रुबाबात त्या एक शीतखोली सांभाळत. उमाबाईंनी विचारल्यावर त्यांनी आधी खुर्ची पुसली.

"हाव, मी ठेवते मूठभर. काय बिघडलं? पोरगं म्हणतं नियम. मी म्हणलं, भाऊ, तुझा नियम नॉर्वेतून आला, माझा माझ्या सासूकडून. सासू जवळ होती."

"मग हळदीच्या बरणीत मूठ तुम्हीच ठेवली?"

"त्या बरणीला मी कशी हात लावू? तिच्यावर लाख असती. बाकीच्या बरण्यांना झाकण, हिला लाख. ही एकच होती ना."

"लाख कोण लावायचं?"

"रामकिशन सर अन् मार्गीबाई. पहिल्या साली कार्यालयाचा शिक्काच आला नव्हता, मग दोघांनी ओल्या लाखेवर अंगठे दाबले. शिक्का आला पुढं, पण त्यांनी अंगठेच चालू ठेवले. बाई दर दोन-तीन सालाला यायच्या, बरणी उघडायची, बी तपासायचं, परत लाख, परत अंगठे."

उमाबाई पुढे झुकल्या. "परवा समारंभात जी लाख फोडली, ती कुठंय?"

"सोमेश सरांनी चाकूनं उडवली, मांडवभर झाली. मी वेचून ठेवली. लाख फेकत असतात का? वितळवली की पार्सलला कामी येती."

"वितळवली?"

"आज वितळवणार होते."

४

डब्यातून निघालेले तुकडे त्यांनी वर्तमानपत्रावर जुळवले. दोन अंगठे उमटले. एक रुंद, चपटा. दुसरा लांबट, आणि त्याच्यावर तिरपी चीर.

"हा मार्गीबाईचा," महादेवीबाई म्हणाल्या. त्यांनी बोट लावलं नाही, नुसतं वरून फिरवलं. "ज्वारी काढायला बसल्या होत्या कस्तुराबाईच्या रानात. विळा लागला. मीच हळद भरली. व्रण राहिला. म्हणायच्या, आता माझा अंगठा लातूरचा झाला."

धम्मदीपने मान वर केली. "मॅडम, पण ही तर..."

"हाव. ही लाख परवापर्यंत फुटलेली नव्हती. मी पण मांडवात होते, सोमेश सरांचा चाकू दोन बाऱ्या घसरलेला पाहिलाय. अंगठा बाईंचा. बाई वारल्यावर लाख लावली असती तर अंगठा कुठून आला असता? म्हणजे तुझ्याकडं किल्ली आली त्याच्या आधीच ह्या बरणीत पांढरी ज्वारी होती. बाई शेवटच्या कधी आल्या?"

"दोन येळवशीमागं," महादेवीबाई म्हणाल्या.

येळवस म्हणजे लातूरकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं शहर भज्जी आणि आंबील खायला रानात जातं. बाजार बंद, दवाखान्यात डॉक्टर सोडा, पेशंटही सापडत नाहीत. चोरीला याहून चांगला दिवस नाही, फक्त चोरही रानात गेलेले असतात.

"त्या दिवशी बीजघरात कोण होतं?"

"कोणीच न्हाई. मी रानात. किल्ली रामकिशन सरांनी मागून घेतली होती, बाईला जाण्याआधी बरणी एकदा बघायचीय म्हणून."

उमाबाई तिथून थेट कस्तुराबाईंच्या गावी गेल्या. कस्तुराबाई ओट्यावर सुपात तूर घेऊन बसल्या होत्या. शाल दोरीवर वाळत होती.

"परवा तुमच्या हातात पण दाणे दिले होते," उमाबाई म्हणाल्या. "तुम्ही काहीच बोललात न्हाई. दाणे परत बरणीत टाकले अन् चहा कवा येतो म्हणलात."

"डोळे गेलेत माय माझे. मला काय दिसतंय, पिवळं का पांढरं."

असं म्हणून त्यांनी सुपातला एक खडा चिमटीत धरला आणि अंगणात टाकला. त्याच्यामागे आणखी एक. उमाबाई बघत राहिल्या. कस्तुराबाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

"ती पांढरी तुमच्या रानातली," उमाबाई म्हणाल्या.

"सरांना इचारा," कस्तुराबाई म्हणाल्या. "मी नारळ घेतलाय. मला बोलवत न्हाई."

"सरांना माहीत हाय का, चोरीचं नाव त्या पोरावर आलंय?"

कस्तुराबाईंचं तोंड एकदम म्हातारं झालं. "कोणत्या पोरावर?"

५

चाकूरला प्रा. रामकिशन अंगणात खाटेवर होते. पायाला सूज होती. सोमेशनी त्यांना फोनवर 'थोडी तांत्रिक अडचण' एवढंच सांगितलं होतं. उमाबाईंनी उरलेलं सांगितलं. धम्मदीपचं नाव आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि परत घातला.

"त्यानं ओळखली?"

"माइकवर."

"ओळखणारच," सर म्हणाले. त्यात अभिमान होता, आणि तो लपवायला उशीर झाला होता.

उमाबाईंनी काही विचारलं नाही. गाडीत तिकीट नसलेल्या माणसासमोर गप्प उभं राहिलं की तो स्वतःच खिसे चाचपायला लागतो.

"त्या साली उन्हाळ्यात शीतखोलीचं यंत्र बंद पडलं," सर म्हणाले. "भाग तिकडून यायचा होता. तिकडं सुट्ट्या, इकडं कागद, मधी समुद्र. भाग आला तोवर खोलीची भट्टी झाली होती. बाकीची वाणं कुणा ना कुणाच्या रानात होती, ती आम्ही परत गोळा केली. हळदी कुणाकडंच नव्हती. येळवशीच्या आधी मार्गिट आली. आम्ही बरणी उघडली. तिनं सोबत आणलेल्या पेट्यांत दाणे पेरले, चार दिवस वाट पाहिली. एकाला कोंब आला न्हाई. मग येळवशीच्या सकाळी आम्ही दोघं इथं बसलो. ती म्हणाली, मी खरं लिहिलं तर माझं विद्यापीठ करार संपवील. ज्या खोलीत बी मरतं त्या खोलीला कोण पैसा देईल? अन् करार संपला तर पोरं जायची बंद. मी म्हणलं, पोरं महत्त्वाची. ती म्हणाली, हाव. असंच म्हणली, हाव. तिला लई मराठी येत नव्हती, पण तेवढं यायचं."

"मग कस्तुराबाईची ज्वारी भरली."

"बरणी मी उपसली. तळाशी आलो अन् हात थांबला. मार्गिट म्हणाली, पूर्ण कर. मी म्हणलं, होत न्हाई. मग तिनंच झाकण लावलं."

"काढलेली हळदी?"

सरांनी अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहिलं.

"मेलेलं बी म्हणजे नुसतं धान. त्याला औषध-बिवषध कधी लावलं नव्हतं. कस्तुराबाईनं दळलं. दुपारी रानात भाकरी केल्या. आम्ही तिघांनी खाल्ल्या."

उमाबाईंनी पदर सारखा केला. "सर, मी काही सांगायला आले न्हाई. पण शुक्रवारी तुम्ही गप्प राहिलात तर सोमेश त्या पोराचं नाव लिहिणार. बोललात तर पोराचं नाव धुतलं जाईल, पण करार जाईल. करार गेला की त्याचं नॉर्वे जाईल. अन् मार्गीबाईचं नाव."

"ती गेलीय," सर म्हणाले. "तिचं नाव गेलं तर मी सोसू शकतो. तिनं मला शिव्या दिल्या असत्या, पण सोसू शकतो." मग म्हणाले, "जीप हाय का तुमच्याकडं?"

६

नांदेडच्या कार्यालयात सह्यांसाठी टेबलावर हिरवं कापड अंथरलं होतं. पेनाच्या दोन टोपणांना फिती बांधल्या होत्या. त्या का बांधल्या होत्या हे कुणालाच माहीत नव्हतं.

रामकिशन सर डॉ. योहानांसमोर बसले. वीस वर्षं त्यांनी या लोकांशी इंग्रजीत बोलणं केलं होतं. आज त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"इंग्रजीत सांगता येईना," ते सोमेशना म्हणाले. "तुम्ही सांगा."

सोमेशना अचानक फोन आला. फोन वाजला नव्हता, पण आला.

खोलीत दुसरा इंग्रजी येणारा धम्मदीपच होता. उमाबाई त्याला नको म्हणणार होत्या, तेवढ्यात तो उठून सरांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. उमाबाईंनी त्याला वाटेत काहीच सांगितलं नव्हतं. सर एकेक वाक्य बोलत गेले आणि तो ते पलीकडे देत गेला. यंत्र बंद पडल्याचं. कोंब न आल्याचं. पांढऱ्या ज्वारीचं. 'पोरांसाठी' या शब्दाशी तो थांबला, मग तोही त्याने दिला. भाकरीपाशी आवाज जरा खाली गेला, पण वाक्य पूर्ण झालं. त्याने एकही शब्द गाळला नाही. गाळला असता तरी कुणाला कळलं नसतं, आणि सगळ्यात जास्त फायदा त्याचाच झाला असता.

डॉ. योहाना मार्गिटबाईंच्या विद्यार्थिनी. त्यांनी मध्ये एकदाच खिडकीबाहेर पाहिलं. मग हळू आवाजात, लांबलचक बोलल्या.

धम्मदीपने ऐकून घेतलं आणि सरांकडे वळला.

"त्या म्हणतात, तुम्ही येऊन सांगितलंत ह्याचे आभार. मार्गिट मॅडमनी त्यांना पण हेच शिकवलं होतं, की मेलेलं बी मेलेलं म्हणून लिहायचं. त्या म्हणतात, माझ्यावर कसलाच आरोप न्हाई, तसं त्या लेखी देतील. त्या म्हणतात, करार पुढं चालू ठेवता येणार न्हाई. त्यांना वाईट वाटतंय."

"अन् तुझं जाणं?"

"ते त्यातच आलं, सर."

उमाबाईंचा अहवाल अर्ध्या पानात झाला. चोरी झालेली नाही, असं त्यांनी लिहिलं. काय झालं त्याला कोणता शब्द हे त्यांना ठरवता येईना, म्हणून तिथे जागा सोडून खाली सही केली. सोमेशनी ती जागा बघितली आणि फाईल बंद केली.

बाहेर व्हरांड्यात बाकावर रामकिशन सर बसले होते, सुजलेला पाय पुढे करून. धम्मदीप बाकाच्या दुसऱ्या टोकाला. महामायाचा फोन दोनदा येऊन गेला होता. त्याने उचलला नव्हता.

"सर," तो म्हणाला, "खोटं केलंत ते आमच्यासाठी. खरं बोललात ते माझ्यासाठी. दोन्ही बाऱ्या मला कुणी इचारलं न्हाई."

"न्हाई इचारलं," सर म्हणाले.

"ह्या बारीला इचारलं असतं तर मी काय म्हणलो असतो, मला बी माहीत न्हाई. म्हणून राग येऊन राहिला."

सरांनी मान हलवली. खाली आवारात कुणीतरी समारंभाच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवत होतं. उमाबाई चहा सांगायला म्हणून निघून गेल्या. चहा सांगायची त्यांना काही गरज नव्हती.

त्या गेल्यावर धम्मदीपने विचारलं, "भाकरी कशी झाली होती?"

"आं?"

"हळदीची. चार वर्षं झाली तिच्यावर लिहून राहिलो. खाल्ली न्हाई कधी."

सर आठवू लागले. "जुनं धान होतं. थापताना कडा चिरत होत्या. कस्तुराबाई म्हणाली, ही जमणार न्हाई."

"मग?"

"तव्यावर टाकली अन् फुगली."

"फुगली?"

"हाव. चांगली टम्म. पिवळी दिसत होती, उन्हात धरल्यावानी."

धम्मदीप बाकावरून सरकून जवळ आला.

"वास?" त्याने विचारलं. "वास कसा होता, ते सांगा."